तुझा निळा उजेड, माझ्या पद्धतीने

प्रिय दळवी,

'प्रिय' लिहिलंय ते निव्वळ सवयीने. आधी "अरे गाढवा" असंच लिहायला घेतलं होतं, पण गेलेल्या माणसाला गाढव म्हणू नये असं माझ्या आईचं मत पडलं. ती शेजारी बसून मेथी निवडतेय आणि मी काय लिहितेय ते मधूनमधून वाकून बघतेय.

काल आपल्या कॉलेजात तुझी श्रद्धांजली सभा झाली. मलाही माईकवर दोन शब्द बोलायला लावलं. मी काय बोलले असेन? "दळवी सर मनमिळाऊ सहकारी होते." मनमिळाऊ! अरे, स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून मी तुझ्याशी जितकी भांडले तितकी सख्ख्या भावाशी भांडले नाही. घरी आले आणि स्वतःचाच इतका राग आला की रात्री जेवणसुद्धा गेलं नाही. म्हणून आज रविवारची सकाळ तुझ्यावर वाया घालवतेय. माईकवर जे बोलायचं राहिलं ते आता ऐक, आणि या खेपेला मध्ये तोंड घालू नकोस.

आधी तुझ्या फ्लेक्सबद्दल. गेटवर लावला होता, मुलुंड स्टेशनवरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल एवढा. त्यात तू कोट घातलेला. तुझ्याकडे कोट कधी होता रे? कुणीतरी कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या धडावर तुझं डोकं बसवलंय. खाली लिहिलंय, 'रसायनशास्त्राचा जादूगार'. मला तिथेच हसू फुटलं आणि बाकीचे समजले की मी रडतेय. एकीने पाठीवर हातही फिरवला.

जादूगार म्हणे! पण त्यांना तरी काय बोलायचं, तुला स्वतःलाच ते आवडायचं. अकरावीच्या पोरांनी "सर, जादू दाखवा ना" म्हटलं की तुझी छाती फुगायची. पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, आणि मग तू तो चंबू हातात धरून बाकांमधून फिरायचास. उघड्या हातांनी! डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत, अंगात कोट नाही. एका बाटलीत ल्युमिनॉल आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात चिमूटभर मोरचूद. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही एकत्र ओतलं की अंधारात निळा उजेड. पोरं "आईशप्पथ!" करून ओरडायची आणि तू राजासारखा मिरवायचास.

आणि ते पेरॉक्साइड तरी कुठलं? केमिस्टकडे मिळतं ते जखम धुवायचं पातळ पेरॉक्साइड पुरत असताना तुला लागायचं कपाटातल्या तपकिरी बाटलीतलं जहाल. का, तर म्हणे उजेड जास्त पडतो! उजेड जास्त पडायचा की नाही देव जाणे, तुझी बोटं मात्र पांढरी पडायची. कातडी भाजून आलेले ते डाग तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवायचास, लढाईवरून आल्यासारखे.

"दळवी, कधीतरी कुणाच्या डोळ्यात जाईल," मी म्हणायचे.

"काय होवचा नाय गो," तू म्हणायचास. "तू लय भितंस."

मी माझ्या वर्गात चष्मा लावून, मोजे चढवून, खाली ट्रे ठेवून तोच प्रयोग करायचे, तर तू दारात उभा राहून पोरांना सांगायचास, "आली बघा आमची वैशाली, दर्यात बुडी मारूक निघाली." पोरं हसायची. मी हसायचे नाही. तो विनोद तू दर वर्षी केलास, आणि दर वर्षी तो तुला नवीन वाटायचा.

ती नाहूरची मुलगी आठवते? अंधारात कुणाच्या तरी दप्तराला पाय अडकून तू धडपडलास आणि चंबूतलं तिच्या मनगटावर सांडलं. मी तिला ओढत नळाखाली नेलं. ती रडत होती आणि मी पाण्याची धार धरून उभी होते. तू मागे येऊन काय म्हणालास? "काय होवचा नाय गो, उद्या बरा होतला." बरं झालंही. नशीब तिचं, नशीब तुझं. पण त्या दिवशी तू मला इतका हलका माणूस वाटलास, दळवी! तिच्या आईबापाला फोन मी केला. तू कँटीनमध्ये जाऊन भजी खाल्लीस.

चारचौघांत मी हेच म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बाईच्या पोटात दुखतंय. दुखायचंच. माझी मुलं बाकांवर नीट बसून, चष्मे लावून तेच बघायची आणि समजूनही घ्यायची. पण कॉलेज सोडताना पाया कुणाच्या पडायची? तुझ्या.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते.

छातीत दुखत होतं तुझ्या. आठवडाभर दुखत होतं. स्टाफरूममध्ये तू डाव्या खांद्याला बाम चोळत बसलेलास, मी विचारलं, तर म्हणालास गॅस झालाय. स्मितावहिनींनी घरी विचारलं, त्यांनाही गॅसच सांगितलास. त्या म्हणाल्या, विक्रोळीतच, कन्नमवार नगरातल्या डॉक्टरकडे जाऊन येऊ, घरापासून पाच मिनिटांवर आहे. तू म्हणालास, काय होवचा नाय. आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारात पडलास.

केमिस्ट्रीचा मास्तर! पोरांना धोक्याच्या खुणा पाठ करायला लावणारा! स्वतःच्या छातीतली एवढी मोठी खूण तुला वाचता आली नाही? की वाचलीस आणि प्रयोगातल्या धोक्यांसारखी तीही हसण्यावारी नेलीस? मला तुझा राग येतो. सकाळी चहा पिताना येतो, तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघून येतो, आणि वहिनींचा चेहरा बघितला की आणखीच येतो.

तू गेलास आणि पाठोपाठ कॉलेजनेही आपली अक्कल पाजळली. प्रिन्सिपल मॅडमनी मीटिंग बोलावून जाहीर केलं की यापुढे वर्गात प्रत्यक्ष प्रयोग दाखवायचे नाहीत. रिस्क नको. स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ दाखवायचे. त्यांना नाहूरच्या मुलीचं प्रकरण कुणीतरी आत्ता सांगितलं होतं. म्हणजे बघ, तू जिवंत होतास तोवर सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तू गेल्यावर तुझ्या बेफिकिरीची शिक्षा माझ्या मुलांना.

मी व्हिडिओ लावून बघितला. पडद्यावर कुठल्या तरी परदेशी माणसाने दोन बाटल्या ओतल्या, निळं झालं. मागच्या बाकावरचा एकजण जांभई देत म्हणाला, "मॅम, हे तर एडिट पण करता येतं." मी व्हिडिओ तिथेच बंद केला.

मग मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि उठलेच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. सभेच्या दिवशी माझ्यासमोर एकदा करून दाखवा. सगळं नीट झालं तर लॅब चालू राहील. जराही गडबड झाली तर चावी ऑफिसात जमा. कायमची." एका प्रयोगावर आपली अख्खी लॅब टांगली गेली, दळवी. तुझ्या नावाने.

त्यात तुझा तो लाडका नितेश. तुझ्या वेळचा विद्यार्थी, आता मालाडला ऑफिसांचं इंटिरियर करतो आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा स्वयंघोषित पुढारी आहे. आदल्या दिवशी एक मोठा काचेचा टँक घेऊन आला. मासे ठेवतात ना, तसला. सोबत जहाल पेरॉक्साइडचा कॅन.

"मॅम, सर करायचे तसं फुल्ल करू ना यार," तो म्हणाला. "सॉरी, यार तोंडातून गेलं. पण झकास रील होईल. सगळे फोन वर करतील, मी टँकमध्ये ओततो, मागे सरांचा आवाज लावू."

"नितेश, तू हे कधी स्वतः केलंयस?"

"नाय. पण सरांना बघितलंय ना."

"सरांना बघितलंयस म्हणूनच तुला काही येत नाही."

त्याला ते झोंबलं. झोंबू दे. कॅन मी जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. टँक त्याने परत नेला, पण जाताना पुटपुटला, "सर असते तर अशी किटकिट नसती केली." खरंय. तू असतास तर तो टँक भरून ठेवला असतास, आणि त्यात बोटं बुडवून फोटोही काढला असतास!

काल मी लवकर गेले. तीन मजले चढून खिडक्यांचे काळे पडदे झटकले, वरची झडप उघडी ठेवली म्हणजे वास कोंडणार नाही. पहिली बाकांची रांग रिकामी ठेवली. सगळ्यांची दप्तरं बाहेर. चष्मे पुसून प्रत्येक जागेवर एकेक. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये दोन छोट्या बाटल्या आणि एक चंबू, बाजूला पाण्याची बादली. उरलेलं भरायला वेगळा कॅन, कारण मोरचूद असलेलं पाणी मी मोरीत सोडत नाही. तू सोडायचास. दिव्याच्या बटणापाशी एका मुलीला उभी केली आणि सांगितलं, मी "दिवा" म्हटलं की लगेच लावायचा, कारण विचारायचं नाही. मग हात धुवायला गेले.

परत येते तर काय! माझ्या टेबलावर, ट्रेला अगदी खेटून, तुझा तो कोटातला फोटो. त्याला झेंडूचा हार. पुढे पितळेची समई, पेटवलेली, पाची वाती. दोन्ही बाजूंना उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे. धूर असा की भजनाला बसावं.

"हे कुणी केलं?"

"आम्ही," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "सर जिथे उभे राहायचे तिथेच फोटो हवा ना. छान दिसतंय."

मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. पातळ पेरॉक्साइड पेट घेत नाही. पण अंधार केल्यावर इथे ओढण्या असतील, काळे पडदे आहेत, मागच्या कपाटात स्पिरिट आहे, आणि मुलं नेमकी या टेबलापाशी पुढे झुकतात. शिवाय एवढा उजेड असला तर दिसणार काय? समई मालवावी लागेल.

मागून कुणीतरी 'च्' केलं.

"मॅडम, फोटोपुढचा दिवा असा मध्येच मालवत नाहीत," नितेश म्हणाला. मी म्हटलं, मग फोटोसकट बाहेर व्हरांड्यात ठेवू. त्यावर आवाज आला, लावलेली समई हलवत नाहीत. ही सगळी सायन्सची माणसं बरं का! यातल्या निम्म्यांच्या गाडीवर 'इंजिनिअर' लिहिलेलं असतं.

आणि मग प्रिन्सिपल मॅडम माझ्या कानाशी येऊन, समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "कांबळे मॅडम, तुमच्यात चालत असेल हो. आमच्यात अपशकुन मानतात."

तुमच्यात. एवढी वर्षं एकत्र डबे खाल्ले, आणि तो एक शब्द इतक्या सहज बाहेर पडला! तू तेवढं एक कधी केलं नाहीस. तुझ्या सगळ्या मूर्खपणाच्या यादीत ते नव्हतं, आणि काल त्या क्षणी मला ते फार तीव्रतेने जाणवलं. मी मॅडमना म्हटलं, "आमच्यात मुलांचे डोळे जपतात. समई राहणार असेल तर प्रयोग होणार नाही."

"मग नका करू," त्या म्हणाल्या. "चावी ऑफिसात द्या."

मी खरंच खिशात हात घातला. दाराशी अकरावीची मुलं चष्मे लावून ताटकळत उभी होती, त्या बिचाऱ्यांना वाटलं हाही प्रयोगाचाच भाग आहे.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्मितावहिनी उठल्या होत्या. सभा संपल्यावर त्याही आमच्याबरोबर वर लॅबमध्ये आल्या होत्या. साडीचा पदर खोचत त्या टेबलापाशी आल्या, तुझ्या हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं, आणि एकेक वात त्या फुलाने मालवली. न फुंकता, घाई न करता. पाचही. मग उदबत्त्या उचलून बादलीत बुडवल्या.

"वहिनी, असं नको..." नितेश पुढे झाला.

"त्यांका काळोखच लागायचो," वहिनी म्हणाल्या. "तू बस जाग्यार. आणि डोळ्यांक ता काय ता लाव आधी."

नितेश बसला. चष्मा लावला. मॅडमनीही लावला! दाराशी ताटकळलेली मुलं आत येऊन बसली. तुझा फोटो वहिनींनी मांडीवर घेतला आणि त्या दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

मी मोजे चढवले. मुलीने बटण दाबलं. पूर्ण काळोख झाला, दोन्ही बाटल्या मी चंबूत ओतल्या आणि तो उजेड आला. तुला माहीतच आहे कसा येतो. एकदम नाही, तळापासून, आणि मग सगळं पाणी निळं. माझे मोजे निळे, ट्रे निळा, पहिल्या बाकापर्यंत निळं. चंबू ट्रेमध्येच होता. तुझ्यासारखी फिरले नाही. फिरायची गरजच पडली नाही, दळवी! शेवटच्या बाकापर्यंत दिसलं. जखम धुवायच्या पेरॉक्साइडने.

तो जांभईवाला मुलगा हळूच म्हणाला, "मॅम, गरम असेल ना ते?"

"नाही. जळत काहीच नाहीये. दोन पदार्थ भेटलेत, त्यातून जे तयार झालं त्याच्याकडे जास्तीची ऊर्जा आहे, आणि ती ते उष्णता करून न टाकता उजेड करून टाकतंय. म्हणून थंड."

"थंड उजेड," तो म्हणाला. या वेळी एडिटचं नाव काढलं नाही.

उजेड मंदावायला लागला तेव्हा वहिनींचा आवाज आला. अगदी बारीक.

"ह्याच काय ता?"

मला आधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ऐकतंय. आज असा झाला, पोरां अशी वराडली. माका कधी दाखवल्यान नाय. म्हणायचे, चल एकदा कॉलेजात. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

दळवी! हे मात्र मला माहीत नव्हतं. विक्रोळी ते मुलुंड किती लांब आहे रे? जगभरच्या पोरांना दाखवलंस, वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्यास, आणि जिने तुझी ती भाजलेली बोटं रोज रात्री खोबरेल लावून चोळली, तिला एकदाही खुर्ची देऊन बसवावंसं वाटलं नाही? पेरॉक्साइड माफ केलं असतं. तो भिकार विनोदही. हे माफ करायला मला फार वेळ लागेल.

मी मुलीला म्हटलं, थांब, दिवा नको लावूस. बाटल्यांत तळाशी थोडं थोडं उरलं होतं. मी पुन्हा ओतलं, फक्त वहिनींसाठी. त्या चष्म्याआडून बघत राहिल्या, तुझा फोटो चंबूच्या दिशेने धरून. अंधारात कोण कोण नाक ओढत होतं ते मी बघितलं नाही. मी तरी नक्की ओढत होते.

दिवे लागल्यावर प्रिन्सिपल मॅडम घसा साफ करून म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी लेखी कळवत जा." म्हणजे पुढची वेळ आहे. 'तुमच्यात'बद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही त्यांना सोपं करून दिलं नाही. चावी माझ्याच खिशात आहे.

नितेशने टेबल पुसायला मदत केली. त्याने रील केलं नाही, कारण फोन काढायचंच विसरला. जाताना विचारत होता, पुढच्या वेळी चष्मे लागतील का, तो पाठवेल. बघू, कितपत टिकतंय शहाणपण.

आई म्हणतेय आता पुरे, मेलेल्या माणसाला किती बोलशील. तिला काय सांगू? तू समोरच्या टेबलावर असतास तर हे सगळं मी तोंडावर बोलले असते, तू दात काढले असतेस, आणि तासाची घंटा झाली असती. मला तेच हवंय. तुझ्याशी भांडायला माणूस नाही राहिला, एवढीच माझी श्रद्धांजली. माईकवर ती बोलता आली नाही.

आता वचन देते, ते ऐक. दर जूनमध्ये अकरावीच्या नव्या वर्गाला मी चष्मे लावायला लावीन आणि सांगेन, "हा प्रयोग आपल्या कॉलेजात पहिल्यांदा दळवी सरांनी केला. चुकीचा केला. आता बरोबर बघा." आणि त्या दिवशी दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची वहिनींसाठी राखून ठेवीन. पुढच्या वर्षी म्हणणार नाही. विक्रोळीला जाऊन स्वतः घेऊन येईन.

तुझ्यावर अजून भडकलेली,
वैशाली कांबळे